पंचफुलाच्या फोटोपाशी उठलेली लहर

तुमच्या रस्त्यावरून ओळखीची एक बाई समोरून आली, तिनं तुमच्याकडे नीट पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली, तर घरी जाऊन तुम्ही तिच्याबद्दल काय सांगता? खरं सांगा. पुरुष असेल तर आपण म्हणतो, असेल कामाच्या घाईत. बाई असेल तर म्हणतो, माजली.

कुंदाआत्या, तुझ्याशी बोलायला बसले आणि पहिला प्रश्न दुसऱ्यांनाच विचारला, याचा तुला राग येणार नाही. पत्रकाच्या पहिल्या ओळीत वाचणाऱ्याला धरून थांबवायचं, हे तूच शिकवलंस. "आधी त्याले उभा कर, मंग बोल," असं तू म्हणायचीस.

तू जाऊन अजून महिना झालेला नाही. तुझं शिक्षण, तुझे मोर्चे, तुझ्यावरच्या केसेस हे सगळं श्रद्धांजलीच्या सभेत बोलून झालं. बोलणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र आडून आडून म्हटलीच. एक म्हणाले, "स्वभावानं जरा ताठ होत्या." दुसरे म्हणाले, "मोठी माणसं सगळ्यांनाच ओळख देतात असं नाही." मी उठणार होते, पण आईनं माझा हात धरून ठेवला. सभेत जे बोलू दिलं नाही ते इथं लिहिते आहे.

तू ताठ नव्हतीस. तुला चेहरे ओळखता येत नव्हते. जन्मापासून. माझा नाही, सख्ख्या भावाचा नाही, फोटोतला तुझा स्वतःचासुद्धा नाही. डोळे चांगले होते, स्मरणशक्ती तर अशी की दहा वर्षांपूर्वीच्या सभेत कोण काय बोललं ते तू शब्दाला शब्द सांगायचीस. फक्त चेहरा तुझ्यात टिकत नव्हता. त्या एका गोष्टीपायी तुझी जिवाभावाची मैत्रीण पंचफुला तुटली, आणि आपण तिला विसरलो नव्हतो हे तिला कळावं, एवढी एकच इच्छा मागे ठेवून तू गेलीस.

मी तुझ्या घरात वाढले. आईबाबा पुण्याला बांधकामावर, मी महागावला तुझ्यापाशी. पुसदच्या छापखान्यातून तू शाई पसरलेली, वाकडी कापली गेलेली पत्रकं गठ्ठ्यानं आणायचीस आणि त्यांची मागची कोरी बाजू म्हणजे माझी वही. माझ्या पाढ्यांच्या पाठीमागे 'कापूस वेचणीचा दर वाढवा' असायचं. अक्षरओळख मला 'बायांनो' या शब्दापासून झाली.

शाळेतून घरी आले की तू विचारायचीस, "कोन वं?" भर दुपारी, मी दोन हातांच्या अंतरावर उभी असताना. मी म्हणायचे, "मी, प्रज्ञा." "हां. मंग ये." मला वाटायचं सगळ्या घरांत असंच असतं. एकदा मैत्रिणीच्या घरी गेले, तर तिच्या आईनं काही न विचारता तिच्या हातात पाण्याचा गिलास दिला. मला नवलच वाटलं. नाव न विचारता घेतलं कसं हिला आत?

आणि ती रिबीन. शाळा सुटली की फाटकातून एकाच गणवेशातल्या, दोन वेण्यांच्या, लाल रिबिनीच्या पोरी बाहेर पडायच्या. तू माझ्या वेण्यांना पोपटी रिबीन बांधलीस. बाईंनी लाल आणायला सांगितलं, तशी तू दुसऱ्या दिवशी शाळेत हजर.

"लाल रिबिनीनं गणित चांगलं येते का?"

"अहो, शिस्त म्हणून काही असतं की नाही?"

"शिस्त पोट्ट्यांले असते बाई. चिंधीले कायची शिस्त?"

पोपटी रिबीन राहिली. वर्गात मला पोपट म्हणायला लागले. मी रडत आले तर तू म्हणालीस, "पोपटाले उडता येते ना? मंग." मला ते तुझं बंड वाटलं होतं. शाळेच्या फाटकाशी सरकारी सक्तीविरुद्ध उभी राहिलेली माझी आत्या. पुष्कळ वर्षांनी कळलं की तू तिथं घाबरून उभी राहायचीस. एवढ्या पोरींत आपलं पोरगं आपल्याला सापडणार नाही, या भीतीनं.

तुझ्या चुकांनी आम्ही हसलोही खूप. पुसदच्या बाजारात तू एका माणसाला थांबवून विचारलंस, "कसे आहे भाऊ? वहिनीचे गुडघे कसे आहे आता?" कुणी नात्यातला समजलीस. तो होता जिनिंगवाला, कापसाच्या गिरणीचा मालक, ज्याच्या फाटकासमोर आदल्याच आठवड्यात आपण घोषणा दिल्या होत्या. त्याच्या बायकोचे गुडघे खरंच दुखत असावेत, कारण तो विरघळला आणि गावभर सांगत सुटला की बाई भांडते, पण मनात काही ठेवत नाही. आपल्या मजूर बायांच्या मंडळात तुला जाब विचारला तर तू म्हणालीस, "भांडन त्याच्या दराशी आहे, बायकोच्या गुडघ्याशी थोडंच आहे." यातलं तुझं तत्त्व किती आणि सारवासारव किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सभेतल्या नियमाचंही तसंच. आपल्या मंडळात बोलायला उठलेल्या प्रत्येकीनं आधी स्वतःचं नाव सांगायचं. गणपतची बायको नाही, सोनूची माय नाही. स्वतःचं नाव. किती जणींनी आपलं नाव आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं तिथं उच्चारलं असेल. त्या नियमावर मी कॉलेजच्या अंकात लेख लिहिला, तू तो वाचून गालात हसलीस. पुढे सगळं कळल्यावर मी चिडून तुला विचारलं, "म्हणजे तो नियम तुझ्या सोयीसाठी होता?"

"व्हय."

"आणि आम्ही तत्त्व म्हणून मिरवलं."

"माह्या सोयीतून निघालं म्हनून तत्त्व खोटं होते का वं? पोटातल्या भुकेतून निघालेल्या मागनीले तू खोटं म्हनशील?"

तो लेख मी मागे घेतला नाही. 

आता पंचफुलामावशीबद्दल. मंडळ तुम्ही दोघींनी उभं केलं. तू लिहायचीस, ती बोलायची. तुला ती लांबून कळायची, कारण तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या असायच्या. ती बोळात वळली की आधी बांगड्या ऐकू यायच्या, मग तिचं हसू, मग कपाळावरचं मोठं कुंकू दिसायचं. तुला तेवढं पुरायचं. नवरा मेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, हे पत्रक तुम्ही दोघींनी मिळून काढलं होतं. आपण धम्म घेतला, पण घरातल्या म्हाताऱ्यांनी ती चाल काही सोडली नाही, यावर तुम्ही वस्तीवस्तीत भांडलात.

मग तिचे यजमान गेले. मी तेव्हा शाळेत होते. त्या दिवसाचं मला लोकांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि सगळ्यात शेवटी तुझ्याकडून. तू बाहेरगावाहून थेट त्यांच्या अंगणात गेलीस. बायका बसलेल्या, सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत, डोईवर पदर. पंचफुलामावशीच्या घरच्यांनी सकाळीच तिच्या बांगड्या फोडल्या होत्या आणि कपाळ पुसलं होतं. तिचा आवाज रडून बसला होता, ती गप्प होती. ज्यावरून तू तिला ओळखायचीस ते सगळं त्या चालीनं तिच्या अंगावरून काढून घेतलं होतं. उरला होता फक्त चेहरा, आणि तो तर तुझ्या कामाचा नव्हता.

तू तिच्या समोरून पुढे गेलीस. तिच्याच बांध्याची तिची जाऊ आक्रोश करत होती, तिला तू मिठी मारलीस. "पंचफुला, मी आहे ना वं."

जाऊ म्हणाली, "मी नाही. ते तिथं बसली."

तिच्या बोटाकडे तू वळलीस. तिथं तिघी बसल्या होत्या. तू तिघींकडे पाहिलंस आणि पुन्हा थांबलीस. पहिली चूक तिनं माफ केली असती. ते दुसऱ्यांदा थांबणं तिनं पाहिलं. ती उठली आणि आत निघून गेली.

"जिच्यासंगं लाठ्या खाल्ल्या, तिले माहं तोंड आठोत नाही. लीडर झाली ना आता." हे तिचं वाक्य महागावात घरोघर फिरलं. तुझ्या विरोधकांना ते फुकटात मिळालेलं पत्रक होतं. ती मंडळात पुन्हा आली नाही. पुढं बोरी अरबला लेकीकडे राहायला गेली. तू तिच्या घरी दोनदा गेलीस, दोन्ही वेळा दार उघडलं गेलं नाही. काय सांगायचं हे तुलाही ठाऊक नव्हतं. तुला तेव्हा वाटायचं की आपण माणसांकडे मन लावून पाहत नाही, हा आपल्या स्वभावाचाच दोष आहे. गाव जे म्हणत होतं ते तूही स्वतःबद्दल मानत होतीस. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

मास्कची दोन वर्षं आली तेव्हा गोष्ट उघडी पडायला सुरुवात झाली. सगळे गोंधळलेले, शेजारी शेजाऱ्याला ओळखेना. तू एकटी मजेत होतीस. लोक आपणहून नाव सांगायला लागले होते, आणि न सांगणाऱ्यालाही तू चालीवरून, खोकल्यावरून, चपलेच्या घासण्यावरून अचूक हाक मारायचीस. "आता समदे माह्यासारखेच झाले," तू एकदा सहज म्हणालीस. मी विचारलं, तुझ्यासारखे म्हणजे? तू विषय बदललास. मी सोडला नाही. मग कधीतरी फोनवर एक लेख सापडला, जन्मतः चेहरे न ओळखणाऱ्या माणसांवरचा. तू भाजी निवडत होतीस, मी मोठ्यानं वाचून दाखवला. ही माणसं गर्दी टाळतात, आवाजावर आणि चालीवर भिस्त ठेवतात, लोक त्यांना गर्विष्ठ समजतात. मी थांबले. तू मान वर न करता विचारलंस, "हे कोनं लिवलं माह्याबद्दल?"

त्या दिवशी मी तुला विचारलं की तुला नक्की दिसतं तरी काय. तू म्हणालीस, "डोळे दिसते, नाक दिसते, हासू दिसते. समदं दिसते. तू वेचनीले जाते तवा एक एक बोंड दिसते ना तुले? चांगलं, फुटलेलं. उद्या तेच बोंड हातात देल्लं तर सांगशील का, हे कालचं म्हनून?"

एवढं सोपं मला कुठल्या लेखात सापडलं नाही.

हैदराबादला यावर काम करणाऱ्या एका डॉक्टरबाईंना मी लिहिलं. त्या नांदेडकडच्याच निघाल्या. त्यांनी बोलावलं, आपण नांदेडहून रेल्वेनं गेलो. मेंदूतल्या लहरी टिपायला तुझ्या डोक्यावर पोहायच्या टोपीसारखी टोपी चढवली, तिला बारीक वायरी, आणि केसांत थंडगार चिकट जेल. तू म्हणालीस, "आंगाले हळद कधी लागली नाही, डोक्स्याले हे तरी लागलं." डॉक्टरबाई हसल्या आणि लगेच म्हणाल्या, आता हसू नका, रेघा हलतात.

पडद्यावर फोटो यायचे. चेहरे आणि घरं. चेहऱ्यांचे केस, कान, गळा कापून टाकलेले, नुसतं तोंड ठेवलेलं. काही चेहरे अनोळखी, काही तुझ्या माणसांचे. ते फोटो मी गोळा केले होते आणि कुणाचे ते तुला सांगायचं नाही अशी अट होती. ओळखलं तर एक बटण, नाही तर दुसरं. तू जवळपास सगळ्यांना 'नाही' दाबलंस. मला नाही. बाबांना नाही. स्वतःला नाही. मंडळाच्या जुन्या फोटोंतून मी काढलेल्या पंचफुलामावशीला नाही.

नंतर डॉक्टरबाईंनी पडद्यावरच्या रेघा समजावल्या. म्हणाल्या, चेहरा दिसला की पापणी लवायच्या आत मेंदूच्या मागच्या बाजूला एक लहर उठते. तुमच्यातही उठते. पण बहुतेकांमध्ये चेहऱ्याला उठणारी लहर घराच्या चित्राला उठणाऱ्या लहरीपेक्षा खूप मोठी असते. तुमच्यात तो फरक कमी आहे. तुमच्या मेंदूला चेहरा म्हणजे काही खास वस्तू वाटत नाही. मोठ्या मशीनमध्ये झोपवून बघितलं तर तुमच्यासारख्या काही जणांत चेहऱ्याचा भाग नेहमीसारखाच जागा होतो, पण तिथून पुढे जाणारी वाट कच्ची असते. काहींत तसं नसतं. सगळ्यांचं एक नाही, आणि आम्हालाही सगळं कळलेलं नाही.

तू विचारलंस, "म्हनजे माहा दोष नाही?"

"दोष कसला? डोळ्यांचा रंग जसा जन्मानं मिळतो, तसं हे."

तू मान हलवलीस. अशी मान तू निकाल आपल्या बाजूनं लागल्यावर हलवायचीस, हे मी कोर्टात पाहिलं होतं.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ओळखीचा चेहरा दिसल्यावर थोड्या उशिरानं दुसरी एक लहान लहर येते. माणूस स्वतः 'ओळखत नाही' म्हणतो, तरी काही जणांत ती लहर येते. तुझ्यात ती बहुतेक फोटोंना आली नव्हती. काहींना आली होती. पंचफुलामावशीच्या फोटोंना आली होती.

मी खुर्चीतून उठलेच. डॉक्टरबाईंनी मला बसायला सांगितलं. "हे एका माणसाचं आहे, फोटो थोडे आहेत, जुन्या फोटोचा उजेडही वेगळा असतो. यावरून मी काही सिद्ध झालं असं म्हणणार नाही. आणि तुम्ही याचं पत्रक करू नका." मीही पत्रकं लिहिते हे त्यांना तूच सांगितलं असशील.

परतीच्या गाडीत, निजामाबाद मागे पडल्यावर खिडकीकडे बघत म्हणालीस, "आत कोनीतरी ओळखते तिले. अन् मले सांगत नाही."

यानंतर आपलं भांडण सुरू झालं, ते अर्धवट राहिलं. मला पत्रक काढायचं होतं. गावानं तुला वर्षानुवर्षं गर्विष्ठ ठरवलं, तर गावाला उत्तर मिळालं पाहिजे. तू म्हणालीस, "माह्या हातातलं पत्रक बायांच्या मजुरीचं आहे. तू माह्या मेंदूचं काढशील तर मजुरीचं कोन वाचीन? लोक म्हनतीन, हिच्या डोक्स्यातच फरक आहे, हिचं काय आयकाचं."

"म्हणून लपवायचं?"

"लपोत नाही. आधी रोजीचं पाहून राह्यली."

मी म्हटलं, आपण ज्या लोकांसाठी लढतो त्यांनाच खरं सांगायला भ्यायचं, हे कुठलं लढणं. तू म्हणालीस, "तुह्या तोंडाले अजून लाठी लागली नाही, म्हनून ते एवढं सरळ बोलते." त्यावर मी दोन दिवस जेवले नाही तुझ्याबरोबर. आज सांगते, मला अजूनही वाटतं की तू चुकलीस. आणि तुझी भीती खोटी नव्हती, हेही मला तेव्हापासून ठाऊक आहे.

पंचफुलामावशीकडे जाऊ, असंही मी म्हटलं. तेव्हा मात्र तू चिडली नाहीस. "तिच्यापुढं डॉक्टरचा कागद धरू का? कागद दाखवून मैत्रीन परत मांगता येते का? जाईन मी. मीच जाईन, तू नको सांगू." आधी वेचणीचा हंगाम होता, मग निवडणूक, मग तुझं दुखणं. दवाखान्यात तू माझा हात हातात घेऊन नखं चाचपायचीस आणि मग म्हणायचीस, "प्रज्ञा." चुकली नाहीस कधी.

मी कृतज्ञ आहे, आत्या, आणि हे मी कशाच्या बदल्यात म्हणत नाही. तुझ्या घरात मला रोज दारात उभं राहून मी कोण ते सांगावं लागलं, त्यामुळे पुढे कुठल्याही दारात ते सांगायची मला लाज वाटली नाही. बायका कशा चालतात, कुणाचा डावा खांदा ओझ्यानं उतरलाय, कोण दुखणं लपवत हसतंय, हे सगळं बघायला मी तुझ्याकडून शिकले. लोक एकमेकांच्या तोंडाकडे एक नजर टाकतात आणि ओळखलं म्हणतात. तुला तेवढ्यानं भागत नव्हतं, म्हणून तू माणूस अख्खा पाहायचीस. तुझ्या पत्रकांत बायांचे घट्टे पडलेले हात होते, वाकलेल्या पाठी होत्या, सुजलेले पाय होते. चेहऱ्याचं वर्णन एकदाही नव्हतं. परवा सगळा गठ्ठा काढून पाहिला. मजूर बाईला सुंदर किंवा केविलवाणं तोंड चिकटवून दया मागणारं एक वाक्य तू कधी लिहिलं नाहीस. मी लिहिलीत अशी वाक्यं. आता लिहिणार नाही.

तू पत्रकाला नाही म्हणालीस, आणि मी हे लिहिते आहे. तुझ्या नाही म्हणण्यामागचं कारण तुझ्याबरोबर गेलं, असं मी मानते. तू असतीस तर भांडली असतीस. भांडायला तरी असायला हवी होतीस.

आणि मी बोरी अरबला गेले. पुसदला गाडी बदलली, दारव्ह्याला पुन्हा बदलली. पंचफुलामावशी लेकीच्या ओट्यावर तूर पाखडत बसली होती. मला बघून सूप खाली ठेवलं.

"कुंदाची प्रज्ञा ना तू? नाक तिचंच हाय."

मी बसले. तीच बोलली. "माती झाली तवा आलती मी. रस्त्यावरूनच परतली."

"पाहिलं होतं मावशी. आत का नाही आलीस?"

"कायले येऊ? जित्तेपनी वळखलं नाही, मेल्यावर वळखनार होती का?"

मग मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि मान नाही नाही अशी हलवत होती. "तोंड दिसते अन् वळखू येत नाही? असं असते का कुठी? आंधळी होती का ते?" मी तुझं बोंडाचं सांगितलं. मावशीनं सारं आयुष्य कापूस वेचला आहे. तिची मान थांबली. ती सुपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"म्हनून मले म्हने, बांगड्या भर वं पंचफुला, हातभर भर. म्या म्हटलं, लगन नाही केलं, हिले काय सोस माह्या बांगड्यांचा." मग ती अचानक हसायला लागली. "एक डाव पुसदच्या स्टँडवर माही शिदोरी दुसऱ्याच बाईच्या पिशवीत टाकून आली. म्या इचारलं तर म्हने, ते बाई बी उपाशीच होती."

हसता हसता तिचा आवाज चढला. "मंग सांगाचं होतं ना. येऊन म्हनाचं होतं, पंचफुला, मले तोंड नाही वळखू येत. मी काय कागद मांगतला असता तिले?"

"तिला लाज वाटत होती, मावशी."

"लाज. पोलिसाच्या गाडीत चढताना नाही वाटली, अन् माह्या दारात वाटली."

"दोनदा आली होती. दार उघडलं नाहीस."

 लेक आतून डोकावून गेली. मग मावशीनं विचारलं, "त्या मशिनीत माहा फोटू टाकलता म्हनते तू?"

"हो."

"मंग? वळखलं का नाही?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. 'तिच्या मेंदूनं तुला ओळखलं होतं.' पत्रकात शोभलं असतं, ऐकून ती रडली असती, आणि कुणी मला खोटं ठरवायला येणार नव्हतं. पण तुम्हा दोघींमध्ये एकदा एक गैरसमज वर्षानुवर्षं बसला होता. त्याच्या जागी मी दुसरा नेऊन ठेवणार नव्हते. मी खरं ते सांगितलं. तू बटण 'नाही'चं दाबलंस. लहर उठली. डॉक्टर म्हणाल्या, एवढ्यावरून सांगता येत नाही.

"केवढी उठली?"

मी बोटांनी दाखवलं.

"एवढीशी?"

"ती एवढीशीच असते, मावशी. ओळखणाऱ्यांतसुद्धा."

तिनं माझ्या दोन बोटांमधल्या जागेकडे पाहिलं. म्हणाली, "दार नसन उघडलं तिनं. पन आत दिवा होता म्हनाचं." मग पदर तोंडाला लावून उठली आणि लेकीला म्हणाली की चहा मीच ठेवते.

आत्या, एवढंच तुला सांगायचं होतं. तुझं काम झालं.

आता वाचणाऱ्यांशी. माझ्या आत्याबद्दल हळहळू नका, तिला त्याचा उपयोग नाही. तुम्ही ज्याच्याशी बोलणं तोडलंय, ज्याच्याबद्दल 'बघून न बघितल्यासारखं करतो' असं चार जणांना सांगितलंय, असं एक माणूस तुमच्याही गावात असेल. कदाचित ते खरंच माजलेलं असेल. कदाचित नसेल. तुम्ही विचारलेलं नाही. आज त्याच्या दारात जा आणि विचारा. ते माणूस दार उघडायला जिवंत आहे, तोवर जा.